शहर पोलिसांत बढती नेमकी कशावर ठरते?

तुमचा प्रश्न असा आहे: भाऊ शहर पोलिसांत शिपाई आहे, काम चोख करतो, बक्षिसंही मिळाली आहेत, तरी त्याच्या मागून आलेले हवालदार झाले आणि तो आहे तिथेच आहे. बढतीला वशिला लागतो का? मी महाराष्ट्रातल्या एका पोलीस आयुक्तालयात आस्थापना शाखेत लिपिक होतो. याच फायली हाताळल्या, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

हवालदार आणि सहायक फौजदार या पदांवर बढती ज्येष्ठतेने मिळते, आणि ती ज्येष्ठता त्या त्या घटकापुरती असते. पुणे शहराची यादी वेगळी, पुणे ग्रामीणची वेगळी, मुंबईची वेगळी. म्हणून एकाच वर्षी भरती झालेले दोन मित्र वेगवेगळ्या घटकांत असले, तर एक लवकर हवालदार होतो आणि दुसरा वाट बघत राहतो. जिथे निवृत्त्या जास्त, पदं जास्त मंजूर, तिथे यादी भराभर वर सरकते. कामाचा त्याच्याशी संबंध नसतो.

त्यामुळे आधी हे सांगा, भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातून विनंती बदलीवर आला आहे का? आंतरजिल्हा बदली स्वतःच्या विनंतीवर घेतली की जुन्या घटकातली ज्येष्ठता गमवावी लागते आणि नव्या घटकात यादीच्या तळाला नाव लागतं. आईवडील आजारी असतात, बायकोची नोकरी दुसरीकडे असते, माणूस सही करून मोकळा होतो. त्या अर्जात ज्येष्ठता सोडण्याचं हमीपत्रही असतं. पुढे नोकरीला त्याच्यापेक्षा उशिरा लागलेली मुलं यादीत त्याच्या वर दिसायला लागतात, तेव्हा त्याला वाटतं की अन्याय झाला. माझ्या टेबलाशी आलेल्या अशा कितीतरी तक्रारींचं मूळ त्या एका कागदात होतं.

तसं नसेल तर पुढची जागा तपासायची ती गोपनीय अहवालाची, म्हणजे वरिष्ठ दरवर्षी कामाबद्दल लिहितात त्या अहवालाची. ज्येष्ठता असली तरी विभागीय पदोन्नती समिती मागच्या काही वर्षांचे अहवाल बघतेच. प्रतवारी घसरलेली असेल किंवा एखाद्या वर्षाचा अहवालच नसेल, तर प्रकरण अडकतं. अहवाल नसणं हे जास्त वेळा घडतं. एका हवालदाराचं प्रकरण आठवतं. त्या वर्षात त्याच्या पोलीस ठाण्याचे वरिष्ठ निरीक्षक दोनदा बदलले. पहिल्यांनी लिहिला नाही, दुसरे म्हणाले माझ्या हाताखाली पुरेसा काळ नव्हता. समितीच्या बैठकीच्या तोंडावर फाइल उघडली तर मधलं पान कोरं. तो माणूस जुन्या साहेबांच्या नव्या नेमणुकीच्या गावी जाऊन अहवाल लिहून घेऊन आला, पण तोवर बैठक झाली होती आणि त्याचं नाव पुढच्या वेळेवर गेलं. त्याचा यात काडीचा दोष नव्हता, आणि त्याबद्दल मला आजही राग येतो. अहवाल वेळेत लिहिणं ही साहेबांची जबाबदारी, भोगतो मात्र हाताखालचा.

प्रतिकूल शेरा असेल तर तो दाबून ठेवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देवदत्त प्रकरणात सांगितलं की अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असो वा वाईट, संबंधित कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. भावाने आपले अहवाल मागून घ्यावेत.

विभागीय चौकशी चालू असेल, आरोपपत्र बजावलेलं असेल, तर समितीचा निर्णय मोहोरबंद पाकिटात जातो आणि चौकशी संपल्यावर उघडतो. नुसती कुणी तक्रार केली म्हणून पाकिटात टाकता येत नाही, हे जानकीरामन निकालापासून, म्हणजे १९९१ पासून ठरलेलं आहे.

फौजदारकीचं, म्हणजे उपनिरीक्षकपदाचं, गणित वेगळं आहे. १९९५ च्या सेवाप्रवेश नियमांत उपनिरीक्षकाची अर्धी पदं थेट एमपीएससीतून, पाव खात्यातल्या मर्यादित परीक्षेतून आणि पाव ज्येष्ठतेने, अशी वाटणी होती. तिच्यात सरकार मधूनमधून फेरबदल करत आलं आहे, म्हणून परीक्षा द्यायची असेल तर ताजा शासन निर्णय बघूनच तयारी करा. आणि २०२२ मध्ये पोलीस नाईक हे पद रद्द झालं. आता शिपायापासून फौजदारापर्यंत तीनच पायऱ्या राहिल्या. तो निर्णय मला मनापासून पटला, कारण अठ्ठावन्नाव्या वर्षी हवालदार म्हणूनच घरी जाणारे कितीतरी चांगले लोक मी पाहिले होते.

उपनिरीक्षकापासून वर यादी राज्याची होते, कारभार महासंचालक कार्यालयाकडे जातो. सहायक आयुक्ताची बढती मंत्रालयातून, गृह विभागातून निघते. तिथे महसुली विभाग वाटप येतं, म्हणजे राज्याच्या कोणत्या विभागात जायचं ते ठरवून मिळतं. शहरात मुलं शाळेत असताना विदर्भ किंवा मराठवाडा मिळाला की काही जण बढतीच नाकारतात. ज्याची त्याची अडचण असते, पण नाकारल्यावर मागचे पुढे जातात, हे धरून चालावं.

वशिल्याबद्दल मला दिसलं ते सांगतो. यादीत वर-खाली करणं अवघड असतं, कारण खालचा माणूस लगेच मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जातो. वशिला चालतो तो नेमणुकीत: कोणतं ठाणं, कोणती शाखा. लोक नेमणुकीचा राग बढतीवर काढतात. शौर्य गाजवून एकदम वरचं पद मिळेल ही आशाही ठेवू नये. चकमकीनंतर लगेच रांग मोडून बढती देऊ नये असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बजावलं, आणि ते प्रकरण मुंबईतल्या चकमकींवरूनच उभं राहिलं होतं.

आता भावाने काय करावं? तात्पुरती ज्येष्ठता यादी लागते, तिच्यावर हरकतीसाठी मुदत असते. बहुतेक जण ती यादी बघतही नाहीत. नियुक्तीची तारीख, जन्मतारीख, जात प्रवर्ग, बक्कल नंबर हे सगळं सेवापुस्तकाशी ताडून बघायचं. चूक दिसली तर तोंडी सांगू नका. लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच शिक्क्यासह घ्या. खरोखर कनिष्ठ पुढे गेला असेल तर त्याच्या बढतीच्या तारखेचा मानीव दिनांक, म्हणजे आपली बढतीही त्याच तारखेपासून धरावी असं, मागता येतो, आणि तो मिळाला की पुढच्या यादीत भाऊ आपल्या मूळ जागी येतो. पण मानीव दिनांकाच्या प्रस्तावाला ती पोच लागतेच. तिच्याशिवाय आलेले अर्ज माझ्याच शाखेतून परत गेले आहेत.