युद्धात माणूस गमावलेल्या घरात देवावरची श्रद्धा टिकते का? घरच्यांनी काय करावं?

टिकते किंवा उडते, असं एका शब्दात सांगणाऱ्यांचं ऐकू नका. आमच्या घरात दोन्ही एकाच बाईत पाहिलंय.

माझे काका डिसेंबर १९७१ मध्ये पश्चिम आघाडीवर होते. तार आली ती 'बेपत्ता' एवढीच. आजी सप्तशृंगीला नवस बोलली होती, पोरगा सुखरूप आला की चैत्रात पायी गडावर येईन. १९७२ च्या जुलैत सिमला करार झाला. पुढे आपण ९३ हजार युद्धकैदी सोडले, तिकडून आपलेही आले. काका आले नाहीत. बेपत्ता ५४ जणांची जी यादी गाजली, तिच्यातही त्यांचं नाव नाही. मेले म्हणावं तर प्रेत नाही, जिवंत म्हणावं तर पत्र नाही. मग नवस फेडायचा कसा आणि सोडायचा कसा? गावात कोणालाच सांगता आलं नाही. आजी पुन्हा गडावर गेली नाही. चैत्रात गडाकडे निघालेल्यांना दारात पाणी द्यायची, पण हात जोडायची नाही.

खानदेशात श्रावणात बसवतात ती कानबाई देवी मात्र सोडली नाही. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाचे सव्वा मूठ गहू काढतात, त्यात काकांचे सगळ्यांत आधी. मूठ सुपात सोडायची, मग वरचा पाव चिमटीने मोजून टाकायची. भाऊबंदकीतले एक आजोबा दर श्रावणात भांडायला यायचे, मेलेल्याचा वाटा काढला तर घराला बाधतं म्हणून. सुपावरची नजर न काढता ती म्हणायची, "मन्हा पोऱ्याना वाटा शे यामा."

तेव्हा घरातली बाई देवाशी भांडत असेल तर भांडू द्या. तिला बळेच कीर्तनाला नेऊ नका. 'त्याची मर्जी' हे शब्द तर तिच्यासमोर काढूच नका. आणि तिने एक देव सोडून दुसरा धरला, तर हिशेब विचारायला जाऊ नका.

सगळीकडे असंच घडतं असं नाही. १९९९ च्या कारगिलपासून पार्थिव गावात येतं, अग्नी देता येतो. त्या घरांचं दुःख वेगळं असेल. काहींना भजनानेच तारलंय, तेही खरं.

पण आमच्या भाऊबंदांत अजून म्हणतात, म्हातारीची श्रद्धा ढळली म्हणून पोरगा परत आला नाही. काका बेपत्ता झाले डिसेंबरात. आजीने गडाकडे पाठ फिरवली ती कैदी परतल्यावर, वर्षभराने. बोलण्याआधी निदान क्रम तरी नीट लावा.