सिग्नलला गाडीचा स्लो खाली येऊन इंजिन बंद पडतं, दोष कुठे शोधायचा?

थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) बदलायचा सल्ला मिळाला असला, तरी इतक्यात हो म्हणू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून गाडी पेट्रोलची आहे, लाखभर किलोमीटर झालेत, सीएनजी कीट बाहेरून बसवलेला आहे. इंजिन गरम झाल्यावर एसी लावून सिग्नलला थांबलात की स्लो, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालतं तो वेग, पडतो: आरपीएमचा (मिनिटाच्या फेऱ्यांचा) काटा ५००च्या खाली येतो आणि गाडी बंद पडते. या लक्षणामागे बरीच कारणं असू शकतात आणि त्यातली बहुतेक नव्या थ्रॉटल बॉडीपेक्षा पुष्कळ स्वस्तात निघतात. माझं रोजचं काम याच दुरुस्त्यांचं आहे. पार्ट बदलून मग दोष शोधायची पद्धत पाहिली की मला खरोखर वाईट वाटतं, कारण पैसे गाडीमालकाचे जातात.

एक गोष्ट आधीच सांगतो. कोणी ‘स्क्रू फिरवून स्लो वाढवून देतो’ म्हणालं तर थांबवा. केबलच्या थ्रॉटलवरचा तो स्क्रू कंपनीतून सेट होऊन येतो. तो फिरवला की थ्रॉटल पूर्ण मिटल्याचा सिग्नल ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) नीट मिळत नाही, आणि मूळ दोष झाकला जाऊन वर दुसरा तयार होतो. बहुतेक पेट्रोल गाड्यांचा गरम इंजिनाचा स्लो ६५० ते ८५०च्या दरम्यान असतो. एसी लागला की ईसीयू स्वतःच तो थोडा वाढवतो. तुमच्या गाडीत तो वाढायच्या ऐवजी पडतोय. म्हणजे एक तर ईसीयूला वाढवायला वाव उरलेला नाही, नाहीतर इंजिनावर नेहमीपेक्षा जास्त ओझं येतंय, किंवा इंजिनातच तेवढा जोर राहिलेला नाही. या तिघांतलं कोणतं, हे ठरवणं हेच खरं काम.

ते घरच्या घरीही बरंचसं ठरतं. गाडी सपाट जागी न्यूट्रलला, इंजिन पूर्ण गरम. आधी एसी बंद ठेवून हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर लावा. एवढ्यानेही काटा पडला तर कॉम्प्रेसरला दोष देता येत नाही. मग एसी लावा आणि उभ्या गाडीत पाच-सात मिनिटं थांबा. काटा एसी लावताच पडतो, की सुरुवातीला ठीक राहून हळूहळू खाली सरकतो? हळूहळू सरकत असेल तर बॉनेट उघडून कंडेन्सरचा (एसीचा गॅस थंड करणाऱ्या पुढच्या जाळीचा) पंखा बघा. तो फिरत नसेल किंवा मंद फिरत असेल तर गॅसचा दाब चढत जातो आणि कॉम्प्रेसर जड होतो. चालत्या गाडीत समोरून वारा मिळतो, म्हणून हा त्रास फक्त सिग्नलला दिसतो. कंडेन्सरवर पाणी मारल्यावर काटा सावरला तर दोष एसीच्या बाजूलाच आहे, थ्रॉटलला हात लावायची गरज नाही. एसीत गॅस जास्त भरला असेल तरी हेच होतं.

आता तुमच्याकडे सीएनजी आहे, ही चाचणीची फार मोठी सोय आहे. हीच परीक्षा एकदा पेट्रोलवर आणि एकदा सीएनजीवर करा. फक्त सीएनजीवर स्लो पडत असेल तर रेड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग), गॅसचा फिल्टर, गॅसचे इंजेक्टर आणि कीटचं ट्युनिंग बघायचं. फक्त पेट्रोलवर पडत असेल तर पेट्रोलचे इंजेक्टर आणि पंप. वर्षभर टाकीत तळाशी थोडंसंच पेट्रोल ठेवणाऱ्यांच्या गाड्यांत हे हमखास आढळतं. मात्र इथे एक गफलत होते. सिक्वेन्शियल कीट (प्रत्येक सिलेंडरला वेगळ्या इंजेक्टरने गॅस देणारा) पेट्रोलच्या ईसीयूच्या हिशेबावरच चालतो. कीटचं ट्युनिंग चुकलेलं असेल तर ईसीयू ती चूक भरून काढत राहतो आणि तीच दुरुस्ती लक्षात ठेवतो. मग पेट्रोलवर आणलं की तिथेही मिश्रण बिघडलेलं दिसतं. म्हणून पेट्रोलवर थोडं अंतर चालवून मगच निष्कर्ष काढा.

दोन्हीवर पडत असेल तर प्रश्न हवा, ठिणगी किंवा कॉम्प्रेशनचा (सिलेंडरमध्ये मिश्रण नीट दाबलं जाण्याचा). इथे स्कॅनर लावाच. मोबाइलला ब्लूटूथने जोडायचा साधा ओबीडी स्कॅनरही (ईसीयूतली माहिती वाचणारा) चालतो. फक्त कोड वाचून थांबू नका, चालू इंजिनाचे आकडे बघा. पी०५०६ हा कोड स्लो अपेक्षेपेक्षा कमी आहे एवढंच सांगतो. का कमी आहे ते सांगत नाही.

आधी मॅप सेन्सर (इंजिनात हवा जाते त्या नळीतला दाब मोजणारा) खरं बोलतोय का ते तपासा. इंजिन बंद, चावी ऑन. सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा: मुंबईत साधारण १०० किलोपास्कल, पुण्यात ९४-९५, महाबळेश्वरला ८६च्या आसपास. तो ठीक असेल तर इंजिन चालू करा. गरम इंजिनाला, एसी बंद असताना, मुंबईच्या उंचीवर ३०-४० दिसलं तर इंजिन निरोगी श्वास घेतंय. ४५-५०च्या वर गेलं तर मला कॉम्प्रेशनचा संशय येतो.

व्हॅक्यूम लीकबद्दलही गैरसमज फार आहे. ज्या गाडीत हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर असतो, तिथे फाटक्या होजमधून शिरलेली हवा मोजली जात नाही, मिश्रण पातळ होतं आणि स्लो पडतो, थरथरतो. पण आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्या मॅप सेन्सरवर चालतात. तिथे लीक झाला तर स्लो सहसा वाढतो. तेव्हा मॅपच्या गाडीत पडलेल्या स्लोसाठी सगळे होज बदलून घेऊ नका.

थ्रॉटल बॉडीवर काजळी आहे का ते डोळ्यांनी दिसतं. पाकळीच्या (हवेची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपेच्या) कडेला काळी कड धरली असेल तर हवेला वाट उरत नाही. साफ करायला थ्रॉटल बॉडी क्लीनरच वापरा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी चावी ऑन असताना बोटाने ढकलू नका. मोटर बोट चेपू शकते. जुन्या केबलच्या गाडीत स्टेपर मोटर, म्हणजे आयडल व्हॉल्व्हसुद्धा काढून साफ करा. साफ केल्यावर स्लो काही काळ विचित्र राहतो, कारण ईसीयूने काजळीसकटची स्थिती शिकून ठेवलेली असते. स्कॅनरने री-लर्निंग करून घ्या. एवढ्यावर बरं वाटलं तर नवी थ्रॉटल बॉडी कशाला?

प्लगचं थोडक्यात: सीएनजीवर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून थकलेले प्लग आणि कॉइल आधी गॅसवर मिसिंग दाखवतात. कोणता सिलेंडर काम करत नाही ते शोधताना कॉइल नव्हे, इंजेक्टरचा कनेक्टर काढा आणि गाडी पेट्रोलवर ठेवा. नाहीतर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब करतं.

तुमच्या वर्णनातली मला सर्वात जास्त खटकलेली गोष्ट म्हणजे ‘गरम झाल्यावरच’. लाखभर किलोमीटर, त्यातले बरेच सीएनजीवर. सीएनजीवर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट) कमी होत जातो. थंड इंजिनात अजून थोडा गॅप असतो. गरम झाल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. वेगात ते जाणवत नाही, स्लोला लगेच जाणवतं. टॅपेटचा आवाज येत नाही म्हणजे इंजिन उत्तम, असं समजणारे पुष्कळ आहेत. सीएनजीच्या गाडीत ती शांतता मला काळजीची वाटते. म्हणून कॉम्प्रेशन गरम इंजिनावर मोजून घ्या, आणि टॅपेटचा गॅप थंड इंजिनावर फीलर गेजने. तुमच्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट असतील तर गॅप सेट करायचा प्रश्न येत नाही. गॅप कमी निघाला तर लवकर सेट करून घ्या, कारण तसंच चालवत राहिलं तर व्हॉल्व्ह जळतो आणि हेड उतरवावं लागतं.

तोवर घाट टाळा. इंजिन बंद पडलं की ब्रेकच्या बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो, आणि हायड्रॉलिक स्टीअरिंग असेल तर तेही जड होतं. सिग्नल जवळ आला की एसी आधीच बंद करा.

गरम इंजिनावरचे एवढे आकडे इथे लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल: एसी बंद आणि चालू असतानाचा आरपीएम, मॅप, शॉर्ट आणि लाँग फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधन किती कमी-जास्त करतोय ते), बॅटरीचं व्होल्टेज. सगळे पेट्रोलवर एकदा आणि सीएनजीवर एकदा. शेवटचं टॅपेट सेटिंग कधी झालं तेही कळवा.