विचारा तर खरं: फ्रूट मार्गारिटातला आंबटपणा जातो कुठे?

या वेळी प्रश्नांची पेटी उघडली तर निम्मे प्रश्न मार्गारिटाचे, म्हणजे टकीला या मेक्सिकन दारूत लिंबू घालून केलेल्या कॉकटेलचे! मग म्हटलं एकदाच काय ते होऊन जाऊ दे. (अर्थात ज्यांचं पिण्याचं वय झालंय त्यांच्यासाठी. बाकीच्यांनी चौथ्या प्रश्नावर उडी मारा.)

प्रश्न: ताई, घरी मँगो मार्गारिटा केली. टकीला, ऑरेंज लिक्यर, लिंबू सगळं मापात घातलं, मग आंब्याचा गर घातला, आणि झालं काय तर गोडमिट्ट ज्यूस आणि मागून दारूची चव. बाहेर मिळते तसा आंबट झटका का नाही येत?

कारण साध्या मार्गारिटाचं माप तसंच ठेवून तुम्ही त्यात गर ओतलात. बारटेंडर लोकांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, आयबीए, त्यांचं माप आहे टकीला 50 मिली, ट्रिपल सेक (तीच ती ऑरेंज लिक्यर, संत्र्याच्या चवीची गोड दारू) 20 मिली आणि लिंबाचा रस 15 मिली. यात आंबट काय ते एकटं लिंबू आणि गोड काय ती ट्रिपल सेक, हिशेब बरोबर. आता यात 45 मिली आंब्याचा गर आला म्हणजे साखर आली, पाणी आलं, आणि पिकलेल्या आंब्यात आंबटपणा जवळपास नसतोच, मग ते बिचारं 15 मिली लिंबू कुठे कुठे पुरणार? आंब्यासाठी लिंबू सरळ दुप्पट करा, 30 मिली, आणि वेगळी साखर किंवा पाक अजिबात घालू नका. टकीला आणि ट्रिपल सेक तेवढीच. वरून चिमूटभर मीठ थेट शेकरमध्ये (ड्रिंक हलवायच्या झाकणाच्या भांड्यात) टाका, खारट लागत नाही पण चव उघडते.

फळ बदललं की लिंबाचं माप बदलायचं, सगळी गोम यातच आहे. स्ट्रॉबेरी दिसते गोड पण साखर तशी कमीच असते, म्हणून तिथे 25 मिली लिंबू आणि 10 मिली साखरेचा पाक लागतो (पाक म्हणजे साखर आणि पाणी समसमान, विरघळवून गार केलेला, तार वगैरे काही बघायची नाही). अननस स्वतःच बराच आंबट, 20 मिली लिंबू बास. पॅशनफ्रूट तर इतकं आंबट की उलट पाकच 15 मिली घालावा लागतो आणि लिंबू 10 मिली पुष्कळ झालं. चिंचेचं तसंच, कोळ दाट काढायचा, पाक थोडा सढळ हाताने. मेक्सिकोत चिंचेची मार्गारिटा चांगली लोकप्रिय आहे आणि खरं सांगू का, मला आंब्यापेक्षा तीच जास्त आवडते, आंबटपणाला एक खोली असते. कलिंगड मात्र 90 टक्क्यांच्या वर पाणीच, त्यामुळे रस गाळून घ्या, 60 मिलीच्या वर जाऊ नका, लिंबू पूर्ण 30 मिली.

हे सगळे आकडे सुरुवात म्हणून धरा, कारण एकाच झाडाची दोन फळं सारखी नसतात. आधी गर चाखायचा, मग लिंबू ठरवायचं. आणि लिंबू ताजंच पिळा हं, बाटलीतल्या रसाला ती शिजल्यासारखी चव असते ती कुठल्याही फळाने झाकत नाही.

शेकर बर्फाने भरून 12 ते 15 सेकंद जोरात हलवा, हात गारठेपर्यंत. बर्फ वितळून जे पाणी उतरतं ते हवंच असतं, त्याशिवाय ड्रिंक नुसतं जळजळतं. गर असेल तर बारीक गाळणीतून गाळा.

प्रश्न: ट्रिपल सेक नाहीये, चालेल का? आणि टकीला महागातली घ्यावी का?

चालेल. सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉमीज नावाच्या मेक्सिकन रेस्टॉरंटमधून आलेली एक प्रसिद्ध मार्गारिटा आहे, तिच्यात ऑरेंज लिक्यर नसतेच, नुसती टकीला, लिंबू आणि अगावे सिरप (टकीला ज्या अगावे वनस्पतीपासून करतात तिचाच गोड पाक). फळांच्या ड्रिंकला ही पद्धत मला जास्त पटते कारण संत्र्याची चव मध्ये लुडबूड करत नाही. अगावे सिरप नसेल तर साखरेचा पाक घ्या, हवं तर संत्र्याच्या सालीचा तुकडा शेकरमध्ये टाका.

टकीलाबद्दल म्हणाल तर लेबलवर '100% अगावे' लिहिलंय का तेवढं बघा. तसं लिहिलेलं नसेल तर त्यात निळ्या अगावेची साखर किमान 51 टक्के आणि बाकीची दुसरीकडची असू शकते. ब्लांको म्हणजे पांढरी घ्या. आन्येहो ही किमान वर्षभर ओकच्या पिंपात ठेवलेली असते, ती आंब्याच्या गरात बुडवणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

प्रश्न: फ्रोझन मार्गारिटा मिक्सरमध्ये केली की पाच मिनिटांत खाली पाणी आणि वर फेस. रेस्टॉरंटसारखी घट्ट कशी होते?

रेस्टॉरंटकडे मशीन असतं हो! डॅलसच्या मारियानो मार्टिनेझ यांनी 1971 मध्ये सॉफ्ट-सर्व्ह आइस्क्रीमचं मशीन थोडं बदलून पहिलं फ्रोझन मार्गारिटा मशीन बनवलं, ते आता अमेरिकेत स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवलंय. ते मशीन सतत ढवळत सतत गार करत राहतं, आपला मिक्सर फिरताना उलट गरम होतो.

म्हणून बर्फ कमी करा आणि फळच गोठवा. फोडी करून रात्रभर फ्रीझरमध्ये, एका ग्लासाला साधारण 120 ते 150 ग्रॅम, आणि बर्फ अगदी मूठभर. टकीलाची बाटली पण फ्रीझरमध्ये ठेवा, 40 टक्क्यांची असेल तर घरच्या फ्रीझरमध्ये गोठत नाही. ग्लासही गार करा. मिक्सर थांबून थांबून फिरवा, एकदम लांबलचक नको. आणि एक, थंडीने जिभेला गोड कमी लागतं, त्यामुळे नुसतं चाखून बरोबर वाटलेलं मिश्रण गोठल्यावर जास्तच आंबट लागतं, तेव्हा इथे मात्र 10-15 मिली पाक जास्तीचा धरा, पण त्याच्या पुढे नको, कारण साखर आणि दारू दोन्ही वाढली की घट्टपणा येतच नाही.

प्रश्न: मी दारू घेत नाही. बिनदारूची केली की लिंबूसरबतच होतं, काय करू?

टकीला गेली की सोबत तिचा कडवटपणा आणि घशातला चटका पण जातो, ते दुसरीकडून आणायला हवं. कडवटपणासाठी ग्रेपफ्रूटचा रस 60 मिली, लिंबू 30, पाक 15, मीठ एक चिमूट. चटक्यासाठी हिरव्या मिरचीची एकच चकती ठेचून किंवा आल्याचा रस अर्धा चमचा. बर्फासोबत हलवा, गाळा आणि वरून सोडा ओता. आवडत्या फळाचा गर 30 मिली घाला, जास्त घातलात तर परत सरबत. कोलेस्टेरॉलची वगैरे औषधं चालू असतील तर ग्रेपफ्रूटबद्दल डॉक्टरांना विचारा, काही औषधांशी त्याचं खरंच जमत नाही, तेव्हा त्याच्याऐवजी टॉनिक वॉटर घ्या.

प्रश्न: ग्लासच्या कडेला मीठ का लावतात? मला तर फारच खारट लागतं.

मिठाने कडूपणा दबतो आणि फळ पुढे येतं. तुम्ही बहुतेक बारीक मीठ घेताय आणि ग्लास उलटा करून मिठात दाबताय. जाडं मीठ घ्या, लिंबाची फोड कडेच्या फक्त बाहेरच्या बाजूने फिरवा, अर्ध्याच कडेला मीठ लावा म्हणजे प्रत्येक घोटाला चॉइस राहतो. आत मीठ गेलं की ते ड्रिंकमध्ये विरघळणारच. आंबा, अननस, कलिंगड असेल तर मिठात लाल तिखट आणि किसलेली लिंबाची साल मिसळा, मेक्सिकन ताहीन मसाला साधारण असाच असतो.

प्रश्न: आठ जणांसाठी आधीच जग भरून ठेवता येईल का?

टकीला आणि ट्रिपल सेक दोन दिवस आधी मिसळलीत तरी चालेल, फळाचा गर सकाळी, लिंबू मात्र पाहुणे यायच्या तासभर आधी, कारण पिळलेल्या रसाची चव काही तासांत उतरते. आठ ग्लासांना टकीला 400 मिली, ट्रिपल सेक 160, लिंबू 200 ते 240, गर 360. शेकर वापरणार नसाल तर 200 ते 250 मिली गार पाणी घालाच, नाहीतर फार कडक होते. बर्फ जगमध्ये नको, ग्लासात.

दोन गोष्टी अजून. 40 टक्क्यांची टकीला आणि तेवढीच कडक लिक्यर धरली तर एका ग्लासात साधारण 22 ग्रॅम अल्कोहोल जातं, म्हणजे 10 ग्रॅमच्या पेगच्या हिशेबाने दोन पेगांहून जास्तच, आणि फळामुळे ते कळत नाही, तेव्हा गाडी कोण चालवणार ते आधी ठरवा. आणि एवढी लिंबं उन्हात बसून पिळू नका, रस कातडीला लागून वर ऊन पडलं की एकदोन दिवसांत भाजल्यासारखे डाग, कधी चक्क फोड येतात आणि ते डाग कित्येक आठवडे जात नाहीत. घरात पिळा, हात साबणाने धुवा, मग अंगणात या.