रॅम नंतर, आधी कार्डाचं देणं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चौदा महिन्यांपूर्वी घेतलेला स्वस्तातला गेमिंग लॅपटॉप उघडून त्यात रॅम (चालू कामापुरती मेमरी) आणि मोठी एसएसडी (फायली साठवायची डिस्क) टाकावी, की तो विकून वरच्या दर्जाचा हप्त्यांवर घ्यावा? याचं उत्तर सोपं आहे आणि ते देतो. पण पत्राच्या मधोमध तुम्ही सहज लिहून गेला आहात की लॅपटॉप क्रेडिट कार्डावर घेतला होता आणि ‘दर महिन्याचं मिनिमम (म्हणजे बँक मागते ती किमान रक्कम) वेळेवर भरतो, एकदाही चुकलो नाही’. मला बोलायचंय ते त्याबद्दल.

आधी यंत्राचं उरकू. पहिली वीस मिनिटं गेम मस्त चालतो, मग पंखा ओरडायला लागतो आणि चित्र अडखळतं, असं तुम्ही लिहिता. रॅम अपुरी असती तर बहुधा पहिल्याच जड दृश्यात कळलं असतं. हे तापण्याचं लक्षण आहे. हवा अडली की प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप स्वतःला वाचवायला वेग उतरवतात. चौदा महिन्यांची धूळ पंख्यामागच्या जाळीत बसली असणार, आणि ती काढायला जवळजवळ काहीच खर्च नाही.

उघडणारच असाल तर आधी वॉरंटीच्या अटी वाचा आणि विंडोजची एन्क्रिप्शन रिकव्हरी की, म्हणजे डिस्कला लागलेलं कुलूप उघडणारा आकडा, कागदावर उतरवून घ्या. नाहीतर बदलानंतर लॅपटॉप तीच मागत बसायचा. मग पूर्ण बंद करा, चार्जर काढा. खालच्या झाकणाचे स्क्रू सगळे एका लांबीचे नसतात, म्हणून ज्या जागी होते त्याच मांडणीत कागदावर ठेवा. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की झाकण नाहीतर बोर्ड गेला. काही मॉडेलांत एखादा स्क्रू सैल होतो पण बाहेर येत नाही. तो तसाच असतो, उपटू नका. कडेच्या खाचा प्लास्टिकच्या पट्टीने सोडवा, लोखंडी पात्याने नाही. झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीची जोडणी काढायची. धूळ उडवायला हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा आणि लॅपटॉप सेवा केंद्रात न्या.

रॅमबद्दल तुमचा अंदाज चुकीचा नाही. आठ जीबीची एकच पट्टी आहे आणि टास्क मॅनेजर दोनपैकी एक स्लॉट भरलेला दाखवतो. तशीच दुसरी पट्टी घातली तर सोळा जीबी होईल आणि मेमरी दोन्ही चॅनेलवर, म्हणजे एकाच वेळी दोन वाटांनी, चालेल. या वर्गातल्या लॅपटॉपमध्ये खरा फरक पाडणारी सुधारणा हीच. फक्त रॅमची पिढी डीडीआर४ आहे की डीडीआर५ ते बघून घ्या, दोघांची खाच वेगळ्या जागी असते आणि एकीच्या जागी दुसरी बसत नाही. एसएसडी मात्र कशाला? ५१२ जीबी निम्मी न खेळलेल्या गेमांनी भरलीय, हे तुम्हीच लिहिलंय. त्या काढून टाका. आणि एक आशा सोडा: ग्राफिक्स चिप बोर्डावर डाख लावून बसवलेली असते. तिची चार जीबी मेमरी शेवटपर्यंत चारच राहणार.

आता पैसे. लॅपटॉपची किंमत १०० धरतो, बाकी सगळं त्या मापात, गोल आकड्यांत. दुकानाने त्याच्यासोबत १२ ची ‘तीन वर्षांची संरक्षण योजना’ गळ्यात मारली. म्हणजे कार्डावर ११२ चढले. व्याज महिन्याला तीन टक्के, मिनिमम थकबाकीच्या पाच टक्के. नवी खरेदी केली नाही असं तुम्ही म्हणता, ते खरं मानतो. चौदा महिन्यांत तुम्ही सुमारे ७० भरलेत. देणं आज ८३ च्या आसपास आहे. ७० भरून कमी झाले २९, उरलेले ४१ व्याजात गेले. तुम्ही ज्या अपग्रेडसाठी माझा सल्ला मागताय, त्याचा अख्खा खर्च तुमच्या हिशेबाने २० आहे. तशी दोन अपग्रेड तुम्ही बँकेला देऊन बसलात, आणि ‘एकदाही चुकलो नाही’ म्हणून वर समाधान. मिनिमम भरल्याने दंड टळतो, देणं फिटत नाही. भोक पडलेल्या बादलीत रोज तांब्याभर ओतण्यातला हा प्रकार.

याहून मोठी गंमत पत्राच्या शेवटी. १३० ची मुदत ठेव आहे, वर्षाला सहा टक्के, ‘तिला हात लावायचा नाही असं ठरवलंय’. का? ती ठेव वर्षभरात ८ देते. कार्ड तेवढेच जेमतेम सव्वातीन महिन्यांत घेतं. मुदतीआधी मोडल्याचा दंड म्हणून वर्षाचं सगळं व्याज गेलं असं धरलं, तरी उन्हाळा संपून पावसाळा लागेपर्यंत ते भरून निघतं. ठेव मोडा, ८३ एकरकमी भरा. ४७ उरतात, ते अडीअडचणीला राहू द्या. दरमहा चारेक मिनिमममध्ये जात होते, ते आता नव्या ठेवीत टाका. आधी भरत होता तेवढंच भरायचंय, त्यामुळे जमत नाही म्हणू नका.

रॅमची एक पट्टी ८ ला पडते असं तुम्ही कळवलंत. दोन महिने थांबा आणि रोख घ्या. कार्डावर घ्यायची नाही. जुनी थकबाकी असताना केलेल्या नव्या खरेदीवर बहुतेक कार्डं पहिल्या दिवसापासून व्याज लावतात. त्या दोन महिन्यांत धूळ काढून खेळून बघा. कदाचित पट्टीची घाईही राहणार नाही.

विकून नवा घेण्याचं गणित मी दोन ओळींत संपवतो. जुन्याचे ५० येतात, नवा १६० चा. ११० चं नवं कर्ज, तेही ‘बिनव्याजी’ हप्त्यांच्या नावाखाली. रोख घेणाऱ्याला किती सवलत मिळते ते त्याच दुकानात विचारा, व्याज तिथे लपलेलं सापडेल. स्ट्रीमिंगमधून वर्षभरात पैसे वसूल होतील हा तुमचा अंदाज मी हिशेबात धरलेला नाही. आजवरची कमाई तुम्ही शून्य लिहिलीय, मीही तीच धरली.

राहिली संरक्षण योजना. ‘तिच्यामुळे उघडायची भीती नाही’ असं म्हणता, पण तुम्ही पाठवलेल्या कागदावर उलट लिहिलंय. पहिलं वर्ष कंपनीच्या वॉरंटीतच जातं, बॅटरी वगळलेली, झीज वगळलेली, आणि ग्राहकाने स्वतः उघडताना झालेली मोडतोड तर ठळक अक्षरांत वगळलेली. म्हणजे १२ देऊन हाती काय लागलं? अजून बावीस महिने बाकी आहेत. उरलेल्या काळाचे पैसे परत मिळतात का, हे अटींत शोधा आणि दुकानाला लेखी विचारा, फोनवर नको. काही आलंच परत, तर ते ठेवीत जाईल, एसएसडीत नाही.