निळी भिंत राखाडी का येते?

प्रश्न : माझी भाची अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनला असते. तिथल्या बारियो व्हिएहो या जुन्या वस्तीत गुलाबी, निळ्या, पिवळ्या भिंतींपुढं वाढलेल्या निवडुंगांचे फोटो तिनं पाठवले. आमच्याही गल्लीत चुन्यात नीळ घालून रंगवलेली भिंत आहे, पुढं घायपाताचं झाड आहे. पण मोबाइलवर भिंत राखाडी येते आणि झाड काळपट. चांगला कॅमेरा घ्यावा का?
— एक वाचक भगिनी, पैठण

उत्तर : ताई, पैसे राहू द्या. तुम्ही फोटो भर दुपारी काढत असणार!

होतं असं की, चौकटभर फिकी भिंत दिसली की मोबाइल उजेड कमी करतो, त्यात झाड काळवंडतं. शिवाय सगळीकडं निळंच दिसलं की तो आपल्या मनानं पिवळटपणा मिसळून निळा रंग मारून टाकतो. स्क्रीनवर झाडावर बोट दाबून धरा, फोकस लॉक होईल. मग सूर्याचं चिन्ह किंचित वर सरकवा. प्रो मोड (सेटिंग हातानं बदलायची सोय) असेल तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतला पिवळट-निळसरपणा ठरवणारी सेटिंग, ऑटोवर ठेवू नका. ती केल्विन या एककात असते : उन्हात 5500 केल्विनच्या आसपास, सावलीत 6500. नंतर सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) ओढून भिंत निळीशार करायच्या फंदात पडू नका, चुन्याच्या भिंतीला ऑइलपेंटची कळा येते.

वेळ सकाळची, ऊन भिंतीला घासून जात असताना. तेव्हा चुन्याचे पोपडे, कुंच्याचे फटकारे उठून दिसतात. तुमचं घायपात कडेला काटे असलेलं असेल तर जवळ जाऊन पाहा : पानाच्या पाठीवर शेजारच्या पानाच्या काट्यांची नक्षी उमटलेली असते. कोवळी पानं एकमेकांना घट्ट चिकटून असतात, तेव्हाचे ते ठसे. तिरप्या उन्हात ते उठून दिसतात. मला विचाराल तर पूर्ण झाडापेक्षा हाच फोटो काढा.

भिंत उत्तरेकडं तोंड करून असेल तर हिवाळ्यात तिच्यावर ऊनच येत नाही. मग सावलीतला मऊ उजेड घ्या. दोन पावलं मागं सरका आणि 2एक्स (दुप्पट झूम) लावा, म्हणजे भिंतीच्या कडा वाकड्या येणार नाहीत. घायपाताचा राखी हिरवा निळ्यापेक्षा गेरूवर जास्त खुलतो. गल्लीत गेरूची भिंत असेल तर तिथलंही एखादं झाड बघा, मात्र घरच्यांना विचारून.

भाचीच्या फोटोंत हात वर केलेले उंच सग्वारो निवडुंग असतील, ते इथं शोधू नका. ते टूसॉनच्या परिसरातल्या सोनोरा वाळवंटाबाहेर आपोआप उगवत नाहीत. फड्या निवडुंग आणि घायपात मात्र मूळचे अमेरिकेकडचेच, आपल्याकडं रुळलेले. तिथली घरंही कच्च्या विटांची, थेट रस्त्याला लागून. आपल्या माळवदाच्या घरांची आठवण व्हावी अशी. त्या वस्तीचा मोठा भाग 1960च्या दशकाच्या अखेरीस सभागृहांच्या संकुलासाठी पाडला गेला, उरलं ते आज लोक हौसेनं टिपतात. आपल्याकडंही माळवद उतरवून स्लॅब टाकणं चालूच आहे, तेव्हा झाडाबरोबर अख्ख्या घराचा एक फोटो काढून ठेवाच.

शेर किंवा तीनधारी निवडुंगाजवळ काम असेल तर फांदी मोडू नका. चीक डोळ्यात गेला तर भरपूर पाण्यानं डोळा धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा.