कॅटफिश नेमका कोणता? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळच्या बहुतेक पत्रांसोबत कॅटफिशचे फोटो आले आहेत, पण बरेचसे फोटो टँकच्या काचेतून, तिरपे आणि फ्लॅश मारून काढलेले आहेत. तसल्या फोटोवरून मासा ओळखता येत नाही. पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात टँकमधलेच दोन इंच पाणी घ्या, मासा त्यात सोडा आणि बाजूने, वरून आणि खालून असे तीन फोटो काढा. खालचा फोटो सर्वांत महत्त्वाचा, कारण तोंड, दात आणि पोटावरची नक्षी त्यातच दिसते. डब्याला मोजपट्टी टेकवून ठेवा. मासा जाळीने पकडू नका. सकर (काचेला चिकटणारे) आणि कॉरी (तळाशी राहणारे छोटे) या कॅटफिशचे काटे ताठ उभे राहून जाळीत असे अडकतात की शेवटी जाळी कापावी लागते. काचेच्या कडेला डबा धरून मासा हळूच त्यात हाकला.

प्रश्न : दुकानदाराने ‘टँक क्लीनर’ म्हणून तीन इंचांचा सकर दिला. वर्षभरात तो नऊ इंचांचा झाला आहे, शेवाळ खात नाही आणि टँक जास्तच घाण होतो. हा नक्की कोणता मासा? नदीत सोडला तर चालेल का? (सांगली)

नदीत, तलावात, विहिरीत, कुठेही सोडू नका.

आता ओळख. पाठीवरचा पर पूर्ण उघडलेला असताना पुढचा जाड काटा सोडून मागच्या किरणांची मोजणी करा. सात भरले तर हायपोस्टोमस, नऊ किंवा जास्त भरले तर टेरिगोप्लिक्थिस. आपल्याकडच्या दुकानांत ‘सकर’ म्हणून येतो तो जवळपास नेहमी दुसराच असतो. मग पोट पाहा. गडद ठिपके एकमेकांपासून सुटे असतील तर पार्डालिस, ठिपके जुळून वळणावळणाच्या रेघा झाल्या असतील तर डिसजंक्टिव्हस. दोन्हींच्या मधली नक्षीही दिसते, कारण या दोन जातींचा संकर होतो. तुमच्या फोटोत बारा किरण आणि रेघाळलेले पोट दिसते, म्हणजे टेरिगोप्लिक्थिस डिसजंक्टिव्हस.

हा मासा 40 सेंमीच्या पुढे जातो. लहानपणी तो शेवाळ खरवडतो. मोठा झाला की गोळी खाद्यावर येतो आणि खाल्ल्याच्या मानाने विष्ठाही भरपूर टाकतो. टँक घाण होण्याचे कारण हेच. त्याला आयुष्यभर ठेवायचे तर 6 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट उंच टँक लागेल, म्हणजे सुमारे 680 लिटर पाणी. तेवढी सोय नसेल तर दुकानात परत द्या किंवा मोठा टँक असलेल्या माणसाकडे पोचवा. शेवाळासाठीच मासा हवा असेल तर ब्रिसलनोज, म्हणजे अँसिस्ट्रस, घ्या. तो 12 ते 15 सेंमीवर थांबतो आणि नराच्या थुथनावर फाटे फुटलेल्या मिशा येतात. त्यालाही नुसत्या शेवाळावर ठेवू नका. काकडी किंवा उकडलेल्या दोडक्याची चकती रात्री टाका आणि उरलेली सकाळी काढा. टँकमध्ये लाकडाचा एक ओंडकाही असू द्या.

सोडू नका असे इतक्या ठामपणे सांगण्याचे कारण असे की दक्षिण अमेरिकेतला हा मासा केरळ, तमिळनाडू, आंध्र आणि पश्चिम बंगालच्या पाण्यात आधीच पसरला आहे. पाण्यातला ऑक्सिजन संपला तर तो हवा गिळून पोटातून श्वास घेतो, म्हणून आपल्याकडच्या गटारासारख्या झालेल्या नद्यांतही टिकतो. नर अंड्यांसाठी काठात खोल बिळे कोरतो आणि त्यामुळे काठ ढासळतात. खवल्यांऐवजी अंगावर हाडांचे चिलखत असल्याने त्याला खाणारे फारसे कोणी नाही. कोळ्यांची जाळी मात्र तो फाडतो.

प्रश्न : एका विक्रेत्याने ‘झेब्रा प्लेको’ बऱ्याच स्वस्तात देऊ केला आहे. खरा कसा ओळखायचा? तो ब्राझीलमधून नामशेष होत चालला आहे हे खरे का? (पुणे)

प्लेको म्हणजे सकरच्याच कुळातले मासे. खरा झेब्रा प्लेको म्हणजे हायपॅनसिस्ट्रस झेब्रा. त्याचा क्रमांक एल-046. हे ‘एल’ क्रमांक 1988 साली एका जर्मन मत्स्यपालन मासिकाने सुरू केले, कारण शास्त्रीय नाव मिळण्याआधीच नवनवे मासे बाजारात येत होते. एल-046 ला शास्त्रीय नाव 1991 मध्ये मिळाले. एक लक्षात ठेवा, एल क्रमांक म्हणजे जात नव्हे. पिवळ्या ठिपक्यांचा ‘गोल्ड नगेट’ एल-018, 081, 085 आणि 177 अशा चार क्रमांकांनी विकला जात होता. 2011 मध्ये त्या सगळ्यांची बॅरियान्सिस्ट्रस झँथेलस ही एकच जात ठरली. क्रमांक वेगळे पडले, कारण मासे झिंगू नदीच्या वेगवेगळ्या भागांतले होते. क्रमांकासोबत गावाचे किंवा नदीच्या टप्प्याचे नाव मिळाले तर तेही लिहून ठेवा. ते हरवले की दोन ठिकाणचे मासे एका टँकमध्ये येतात, त्यांचा संकर होतो आणि पुढच्या पिढीची ओळखच पुसली जाते.

झेब्राच्या खुणा अशा. पांढऱ्या, किंचित निळसर अंगावर रुंद, ठसठशीत काळे पट्टे डोक्याकडून शेपटीकडे जातात. थुथनावर समोरून पाहिले की इंग्रजी ‘ई’ अक्षरासारखी खूण दिसते. पोट स्वच्छ पांढरे. वाढ जेमतेम 8 सेंमीपर्यंत. पांढऱ्याऐवजी पिवळट रंग आणि पट्ट्यांऐवजी भूलभुलैयासारखी नक्षी असेल तर तो एल-333 किंवा त्याच्या जवळचा. नक्षी बारीक आणि दाट असेल तर एल-066 असण्याची शक्यता. ‘स्वस्त झेब्रा’ म्हणून सगळ्यांत जास्त खपवला जातो तो क्लाउन प्लेको, एल-104. त्याचे अंग तपकिरी, पट्टे फिकट आणि आडवे, पाठीवरून पोटाकडे उतरणारे. शंका असेल तर मासा काचेला चिकटल्यावर भिंगातून दात पाहा. क्लाउनचे दात मोजके आणि चमच्यासारखे पसरट असतात, कारण तो लाकूड खरवडतो. झेब्राच्या खालच्या जबड्यात दात थोडेच, पण चमच्यासारखे नसतात. झेब्रा मुख्यतः मांसाहारी आहे. त्याला काकडीवर ठेवणारे लोक त्याला उपाशी मारतात.

आता नदीबद्दल. झेब्रा जगात एकाच ठिकाणी आढळतो : ब्राझीलच्या पारा राज्यात, झिंगू नदीच्या ‘व्होल्टा ग्रांदे’ नावाच्या मोठ्या वळणावर आणि त्याच्या आसपास. तिथे पाणी कोमट, नितळ आणि वेगवान असते आणि हे मासे खडकांच्या चिरांत राहतात. बेलो मोंते धरण नेमके याच वळणावर बांधले गेले. पिमेंताल इथल्या बंधाऱ्याने नदी अडवली आणि बहुतांश पाणी कालव्याने थेट 11,000 मेगावॅटच्या मुख्य वीजगृहाकडे वळवले. पहिली जनित्रे 2016 मध्ये सुरू झाली. बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला खळाळ बुडाले, पाणी संथ झाले आणि चिरांत गाळ बसू लागला. खालच्या बाजूला सुमारे 100 किलोमीटरच्या वळणात पाणीच कमी येते. पुरासोबत काठचे जंगल पाण्याखाली जायचे आणि मासे तिथे चरायचे, अंडी घालायचे. त्या पुराचे वेळापत्रक आता धरणाच्या दरवाजांवर ठरते. किती पाणी सोडायचे यावर पर्यावरण खाते, वीज कंपनी आणि काठावरचे जुरुना आदिवासी यांच्यात वाद चालू आहे. आमच्या मते झेब्राचे भवितव्य या एका आकड्यावर जेवढे अवलंबून आहे तेवढे दुसऱ्या कशावरच नाही.

तस्करी हा दुसरा घाव. ब्राझीलमध्ये 2004 पासून हा मासा संकटग्रस्त यादीत आहे आणि त्याची पकड बंद आहे, तरी सीमेपलीकडून तो बाहेर जात राहिला. 2017 मध्ये ब्राझीलने त्याला साइट्स, म्हणजे संकटातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, तिसऱ्या परिशिष्टात घातले. 2022 च्या पनामा परिषदेत तो दुसऱ्या परिशिष्टात गेला आणि नदीतून पकडलेल्या माशांच्या व्यापाराचा कोटा शून्य ठरला. म्हणजे विक्रेता ‘वाइल्ड आहे, म्हणून रंग चांगला’ म्हणाला तर तिथेच व्यवहार थांबवा. टँकमध्ये पैदास झालेला मासा असेल तर पैदास करणाऱ्याचे नाव, आईबापांचे फोटो आणि बिल मागा. भारतात साइट्स यादीतल्या जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचे नियम आता वन्यजीव कायद्यात आहेत. पैसे देण्याआधी वन विभागाकडून लेखी माहिती घ्या. या माशाची पैदास संथ असते. एका वेळी दहा-पंधरा अंडी, आणि पिल्ले वयात यायला दोन वर्षे किंवा जास्त. फार स्वस्त झेब्रा म्हणजे एकतर दुसरी जात, नाहीतर चोरीचा माल.

प्रश्न : मग नदीतून पकडलेला कोणताच मासा घेऊ नये का? (ठाणे)

असे सरसकट म्हणता येत नाही. ब्राझीलच्या रिओ नेग्रो खोऱ्यात बार्सेलोस गावाच्या आसपास अनेक कुटुंबांचे पोट कार्डिनल टेट्रा हा छोटा शोभेचा मासा पकडण्यावर चालत आले आहे. जंगल आणि ओढे शाबूत राहिले तरच मासे मिळतात, म्हणून जंगल राखण्यात त्यांचे हित आहे. तिथली पकड बंद पडली तर त्या माणसांना गुरे पाळावी लागतील किंवा सोने शोधावे लागेल आणि ते जंगलाला जास्त महागात पडेल. फरक जातीचा आहे. लाखोंनी वाढणारा, वर्षभरात वयात येणारा आणि मोठ्या खोऱ्यात पसरलेला मासा पकड सोसतो. एकाच खळाळात राहणारा, दहा-पंधरा अंडी घालणारा झेब्रा सोसत नाही.

ओटोसिंक्लस (ओटो), म्हणजे शेवाळ खाणारा छोटा कॅटफिश, पहिल्या प्रकारात मोडतो आणि बाजारातले बहुतेक ओटो नदीतूनच येतात. त्यांची अडचण वेगळी. प्रवासात ते दिवसेंदिवस उपाशी असतात. दुकानात काचेला चिकटलेल्या ओटोचे पोट पाहा : गोल आणि फुगीर हवे. आत गेलेले असेल तर तो मासा बहुतेक वेळा वाचत नाही. दुकानात आल्यापासून दोन आठवडे झालेलेच मासे घ्या, सहाच्या गटाने घ्या आणि किमान तीन-चार महिने चालू असलेल्या टँकमध्येच सोडा. नव्या, चकचकीत टँकमध्ये त्यांना खायला काही नसते. ‘ओटो’ म्हणून गायरिनोकायलस, म्हणजे चायनीज अल्गी ईटर, माथी मारला जातो. तो कॅटफिशच नाही. त्याच्या अंगावर साधे खवले असतात आणि मोठेपणी तो दुसऱ्या माशांच्या अंगाला चिकटून त्यांना जखमा करतो.

प्रश्न : ‘जुली कॉरी’ म्हणून सहा मासे घेतले. यादीत त्यांचे नाव ‘हॉप्लिसोमा’ लिहिले होते. कॉरिडोरासचे नाव बदलले का? (नागपूर)

बदलले. 2024 मधल्या मोठ्या पुनर्रचनेत कॉरिडोरास या वंशाचे अनेक तुकडे झाले. पांडा, स्टर्बाय आणि पेपर कॉरी हॉप्लिसोमामध्ये गेले, ब्रॉन्झ कॉरी ऑस्टिओगास्टरमध्ये आणि पिग्मी गॅस्ट्रोडर्मसमध्ये. लांब थुथनाचे मासे तेवढे कॉरिडोरास राहिले. पाळण्याच्या पद्धतीत काहीही फरक पडत नाही.

तुमचे मासे मात्र जुली नाहीत. डोक्यावर सुटे ठिपके असतील तर जुली, ठिपके जुळून जाळी झाली असेल तर ट्रायलिनिॲटम. तुमच्या सहाही माशांच्या डोक्यावर जाळी आहे. जुली ईशान्य ब्राझीलचा आहे, ट्रायलिनिॲटम पेरूकडच्या ॲमेझॉनचा, आणि ‘जुली’ म्हणून विकले जातात ते बहुतेक हेच. दोघांनाही बारीक, गुळगुळीत वाळू लागते. धारदार रेतीत मिशा झिजून बुंधे उरतात. कॉरी एका पिशवीत दाटीने भरू नका. घाबरले की ते विष सोडतात आणि बंद पिशवीत त्या विषाने सगळेच मरू शकतात.

प्रश्न : तीन फुटी टँकमध्ये चार ‘शार्क’ आहेत. घाबरले की काचेवर आदळतात. (लातूर)

हे पंगास आहेत, पँगासियानोडॉन हायपोफ्थॅल्मस. पिल्लांच्या अंगावर दोन गडद पट्टे असतात. बाजारात खाण्यासाठी मिळणारा पंगास तो हाच. एक मीटरच्या पुढे वाढतो, नजर कमजोर आणि स्वभाव कळपाने पळण्याचा. तीन फुटी टँक त्याला कधीच पुरणार नाही. मत्स्यशेतीत कोट्यवधींनी वाढणारा हा मासा मेकाँग आणि चाओ फ्राया या मूळ नद्यांत संकटग्रस्त आहे. अतिमासेमारी हे एक कारण, आणि अंडी घालायला वरच्या बाजूला जाणाऱ्या माशांची वाट अडवणारी धरणे हे दुसरे.

प्रश्न : केरळहून आणलेला पिवळा कॅटफिश शिंगाळ्यासारखा दिसतो. कोणता असेल? त्याचा काटा हाताला लागून सूज आली होती. (सिंधुदुर्ग)

आधी हात. कॅटफिशच्या काट्यातले विष उष्णतेने निकामी होते. सोसवेल इतक्या गरम पाण्यात, पण भाजणार नाही अशा बेताने, हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाणी निवले की बदला. काट्याचा तुकडा आत राहिला असेल, ताप आला किंवा सूज वर सरकली तर डॉक्टरांना दाखवा.

आता मासा. खांद्यावर पिवळ्या कडीतला मोठा काळा डाग, लांबलचक गुदपर (पोटाखालचा, शेपटीजवळचा पर) आणि खालून पाहिले तरी दिसणारे डोळे, म्हणजे हॉराबॅग्रस ब्रॅकिसोमा, मल्याळीत मंजकुरी. शिंगाळा किंवा मिस्टसचा गुदपर आखूड असतो, ही सर्वांत सोपी खूण. डागाऐवजी मानेवर काळी पट्टी असती तर तो चालकुडी नदीचा हॉराबॅग्रस निग्रिकॉलॅरिस, जो जास्त दुर्मीळ आहे. मंजकुरी 45 सेंमीपर्यंत वाढतो आणि रात्री लहान मासे गिळतो. गप्पी-टेट्रांसोबत ठेवू नका. झाकण जड ठेवा, लपायला रुंद पाइपचे तुकडे द्या.

पश्चिम घाटाच्या नद्यांपुरता मर्यादित असलेला हा मासा असुरक्षित गटात आहे. वाळूउपसा, विष आणि स्फोटके टाकून होणारी मासेमारी आणि वेंबनाड सरोवराच्या भोवतीच्या पाणथळींवर होणारे भराव यांनी त्याच्या जागा आटत आहेत. पावसाळ्यात तो अंडी घालायला पुराच्या उथळ पाण्यात शिरतो, त्यामुळे नेमक्या त्याच काळात तो सहज पकडला जातो. केरळात त्याची बंदिस्त पैदास जमलेली आहे. पुढचा मासा घ्याल तेव्हा तिथल्या हॅचरीतलाच मागा, आणि पावसाळ्यात पकडलेला मोठा मासा कोणी विकायला आणला तर घेऊ नका.