वालाचं बी घरी धरताना

पहिल्याच वर्षी पाच-सहा वाण लावायचा मोह आवरा. एकच गावरान वाल घ्या, पण त्याचे निदान आठ-दहा वेल लावा. पावसाच्या सुरुवातीला लावलेले जुने वाण कित्येक महिने नुसता पाला वाढवतात. वांझ निघाला म्हणून उपटू नका. दिवस लहान होऊ लागल्याशिवाय ते फुलावर येत नाहीत. मी पहिल्या वर्षी दसऱ्यालाच उपटले, त्याची हळहळ अजून जात नाही.

बियाण्याचे दोन-तीन वेल नको, जमतील तेवढे ठेवा आणि त्यांना चिंधी बांधा. त्यांच्या शेंगा भाजीला तोडायच्या नाहीत, पाहुणे आले तरी. शेंग वेलावरच वाळू द्या. हलवली की आत दाणे खुळखुळले पाहिजेत. मधमाश्या थोडीफार सरमिसळ करतात, म्हणून दोन वाण शेजारी नकोत. वेगळ्या रंगाचा दाणा निघाला तर तो आमटीत.

सोललेले दाणे सावलीत वाळवा. एक दाताखाली धरा: खूण उमटली तर ओल आहे, टचकन फुटला तर तयार. भुंगेऱ्याची अंडी बहुधा शेंगांबरोबरच घरात येतात. म्हणून खणखणीत वाळलेलं बी हवाबंद डब्यात आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा किंवा आपल्या आज्यांसारखं चाळलेल्या कोरड्या राखेत.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० ची पद्मश्री मिळाली ती अशीच गावरान बियाणी जपण्यासाठी. तुमच्यातलं मूठभर बी शेजारीही द्या. तुमचं बुडालं तर तिथून परत मागता येतं.